उत्पन्नाचा रकाना

बँकेच्या कर्जअर्जात एक रकाना असतो, 'वार्षिक उत्पन्न'. शिरोळ तालुक्यातल्या एका शाखेत अधिकारी असताना तो मी किती वेळा भरून घेतला असेल, याची गणतीच नाही. समोरच्या शेतकऱ्याला विचारावे, "काय पाटील, वर्षाचं उत्पन्न किती?" आणि त्याने बेधडक सांगावे, "साठ टन बघा, सायेब." मी म्हणे, "टन नकोत, रुपये सांगा." की तो गोंधळलाच! त्याचे काही चुकत नव्हते. आमच्याकडे शेतात जे पिकते ते उत्पन्न. रुपये ही नंतरची गोष्ट.

निवृत्तीनंतर शब्दकोश चाळण्याची सवड मिळाली आणि कळले की, शब्दाचा मूळ अर्थ त्या शेतकऱ्याच्याच बाजूचा होता. संस्कृतात 'उत्' म्हणजे वर आणि 'पद्' म्हणजे जाणे. उत्पन्न म्हणजे वर आलेले, उगवलेले, जन्मलेले. इंग्रजीतल्या 'इन्कम'चा अर्थ मात्र 'आत येणे'. पूर्वी तो शब्द नुसता प्रवेश, आगमन अशा अर्थानेही वापरीत. पैशाचा अर्थ साधारण चारशे वर्षांपूर्वी रुळला. जर्मनांचा 'आइनकोमेन' तसाच. आपली 'आमदनी' फारसी 'आमदन'वरून, म्हणजे येण्यावरूनच आली. 'आय' आणि 'आवक' यांच्या पोटातही येणेच आहे. हे सारे शब्द उंबऱ्याच्या आत बसून दाराकडे बघतात. 'उत्पन्न' म्हणणारा मात्र बांधावर उभा असतो.

'कमाई'च्या मुळाशी कर्म आहे, म्हणजे राबणे. 'मिळकत' मिळण्यावरून निघाली आणि घरजमिनीला चिकटून बसली. राहता राहिली 'वरकमाई'. या पिकाला ना पाऊस लागतो, ना खत!

बरे, रकान्यातला 'वार्षिक' हा शब्द तरी आम्हाला कुठे लागू पडतो? आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावला की तुटायला सोळा ते अठरा महिने लागतात. वर्ष संपते तेव्हा ऊस रानातच उभा असतो. तुटल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यावेत, असे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात म्हटले आहे. बिल निघाले की सोसायटीचे कर्ज आधी कापून घेतले जाते. म्हणजे पिकले किती, बिल किती आणि हातात पडले किती, अशी तीन उत्तरे. रकाना एकच!

कृष्णा-पंचगंगेच्या काठी चौथेही उत्तर असते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातला उभा ऊस पाण्याखाली कुजला. उगवलेले होते, आत आले नाही.

सरकारलाही हा शब्द सोपा गेलेला नाही. १८५७ च्या उठावाने रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी १८६० साली हिंदुस्थानात प्राप्तिकर आणला. शेतीचे उत्पन्नही त्यातून सुटले नव्हते. विल्सन त्याच वर्षी कलकत्त्यात वारले. कर मात्र अधूनमधून बंद होत, पुन्हा सुरू होत टिकून राहिला. १८८६ च्या कायद्याने शेतीचे उत्पन्न वगळले आणि १९६१ च्या कायद्यानेही तेच धोरण ठेवले. आमचा शेतकरी करातून सुटला, पण रकान्यातून सुटला नाही. पोराच्या शिष्यवृत्तीसाठी तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला काढताना त्याच्यापुढे तोच प्रश्न उभा राहतो.

या रकान्याने माझ्या हातून एक चूक करविली आहे. एक बाई तिसऱ्या म्हशीसाठी कर्ज मागायला आली होती. जमीन नवऱ्याच्या नावावर. दूध घरोघरी रतिबाला, त्यामुळे डेअरीची पावती नाही. कागद नाही म्हणून मी तिच्या उत्पन्नाच्या रकान्यात 'निरंक' लिहिले. तिला वाचता येत नव्हते.

"काय लिवलंसा, सायेब?"

मी सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हशीच्या दुधावर दोन पोरं शिकीवली. मग त्ये काय हुतं?"

मी नियम सांगितला. अर्ज मंजूर झाला नाही. ती पुन्हा शाखेत आली नाही.

नियमाप्रमाणे मी बरोबर होतो, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आलो. पण तिच्या घरी जाऊन गोठा बघायला मला कोणत्याही नियमाने अडविले नव्हते. शेजारच्या चार घरी विचारले असते तरी रतिबाचा हिशेब मिळाला असता. मी कागद मागितला, कारण आत आलेला पैसा तेवढाच मला मोजता येत होता.

आज तो अर्ज पुन्हा समोर आला, तर लेखणी उचलण्याआधी मी एवढेच विचारीन, "मावशी, दूध किती निघतं?"