झटका खरा, ढोंग नव्हे!

२०२० च्या कोरोना साथीत काहींना आयुष्यात प्रथमच झटके येऊ लागले. अंग ताठते, थरथरते, भान हरपते. पण झटक्याच्या वेळी काढलेल्या ईईजीत अपस्माराची खूण नसते. डॉक्टर यांना कार्यात्मक झटके म्हणतात. रोगी ते मुद्दाम आणत नाही. तरीही घरचे म्हणतात, ‘अंगात आलं’. दवाखाना म्हणतो, ‘नाटक करते’! (बहुधा ‘करते’च, बाईवर संशय घेणे सोपे.) फिटच्या गोळ्यांनी हे झटके थांबत नाहीत, मानसोपचाराने अनेकांचे कमी होतात. भूत उतरवण्यासाठी मारहाण करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे कलम २१ मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच विमा द्या, असे बजावते. कंपनीने नकार दिला तर तो लेखीच मागा.