मतदानानंतरचें कर्तव्य

लोकशाही म्हणजे काय, असें विचारलें असतां आपल्यापैकीं बहुतेक जण मतदानाचें नांव घेतात. बोटाला शाई लागली कीं नागरिकाचें काम संपलें, पुढील पांच वर्षें निवडून दिलेल्यांनीं पाहावें, अशी एक सोयीची समजूत खेडोपाडीं रूढ झाली आहे. महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत माझें आयुष्य गेलें. या समजुतीची किंमत कोणास भरावी लागते, हें त्या काळांत जवळून पाहावयास मिळालें. म्हणूनच हा लेख लिहिण्याचें धाडस करीत आहें.

आपल्या राज्यघटनेंत नागरिकांचीं मूलभूत कर्तव्यें १९७६ सालीं बेचाळिसाव्या दुरुस्तीनें घालण्यांत आलीं. तीं प्रथम दहा होतीं. मुलांस शिक्षणाची संधी देण्याचें अकरावें कर्तव्य २००२ सालीं जोडलें गेलें. कर भरणें हेंही त्यांत असावें, अशी स्वर्णसिंग समितीची सूचना होती, ती स्वीकारली गेली नाहीं. मतदानही त्या यादींत नाहीं. शेतकऱ्याचीं रोजचीं कर्तव्यें पाहावयाचीं तर जमीन महसुलाचा व ग्रामपंचायतीचा, असे दोन कायदे उघडावे लागतात.

१९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणें वारसा, वांटणी, खरेदी वगैरेंनीं जमिनींत हक्क मिळाल्यास तीन महिन्यांच्या आंत तलाठ्यास (हल्लीं त्यास ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) कळविणें भाग आहे. तलाठी फेरफार लिहितो, चावडीवर नक्कल लावतो, संबंधितांस नोटीस देतो. पंधरा दिवसांत हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. या व्यवस्थेंत एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती ही कीं, चावडीवरील कागद गांव वाचील आणि खोटें असेल तेथें बोलेल.

गांव बोललें नाहीं म्हणजे काय होतें, त्याचें एक उदाहरण माझ्या नोकरींत घडलें. बाप वारला. मुलानें वारसांत स्वतःचें व आईचें नांव दिलें; परगांवीं दिलेल्या बहिणीचें नांव गाळलें. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें बापाच्या मिळकतींत मुलगीही वारस ठरते, हें त्यास ठाऊक नव्हतें असें नाहीं. चौकशींत पांच पंचांनीं जबाब दिले कीं, याखेरीज दुसरे वारस नाहींत. त्यांपैकीं दोघे तिच्या लग्नांत पंक्तीला वाढावयास होते! बहिणीचें नांवच कागदावर नसल्यामुळें तिला नोटीस गेली नाहीं. मुदत उलटली, नोंद मंजूर झाली. पुढें जमीन तिऱ्हाइतास विकली गेली, तेव्हां कोठें तिला कळलें. मग अपील, विलंब माफीचा अर्ज, दिवाणी दावा. एस. टी. ची धूळ खात ती कडेवर मूल घेऊन कचेरींत येई, आणि तारीख घेऊन परत जाई.

त्या पंचांपैकीं एक सज्जन गृहस्थ होते. ते मला म्हणाले, "भाऊसाहेब, आम्हीं नुसती सही केली. शेजाऱ्याला नाहीं कसें म्हणावें?" भिडेनें केलेली सहीही सहीच असते, हें मीं त्यांस तेव्हांच सांगावयास हवें होतें. मी मान खालीं घालून दप्तर बांधीत राहिलों.

पिकाच्या नोंदीचें काम २०२१ सालापासून ई-पीक पाहणीनें शेतकऱ्याच्याच हातीं दिलें आहे. शेतांत उभें राहून फोटोसह नोंद करावयाची. शेजारी मोबाईलवाला आहे, तो करील, या भरंवशावर राहूं नये; पीक एक व उताऱ्यावर दुसरें असें झालें, तर नुकसानभरपाईच्या वेळीं वाद घालून उपयोग होत नाहीं.

आतां ग्रामसभेकडे वळूं. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणें मतदारयादींत नांव असलेला गांवचा प्रत्येक मनुष्य ग्रामसभेचा घटक आहे. वर्षांतून निदान चार सभा व्हावयाच्या. आर्थिक वर्षाच्या पहिल्या सभेपुढें जमाखर्च, गतवर्षाच्या कारभाराचा अहवाल, योजिलेलीं कामें आणि लेखापरीक्षणाचे शेरे व त्यांवरील उत्तरें ठेवावीं लागतात. पाणंदीवर मुरूम कागदांत किती ब्रास पडला हें लेखापरीक्षक सांगूं शकतो. प्रत्यक्षांत किती पडला तें त्या पाणंदीनें बैलगाडी नेणारा सांगेल. पण तो सभेस नसतो.

मतदारांपैकीं शेंकडा पंधरा किंवा शंभर, यांत जी संख्या कमी असेल तितकी माणसें सभेस लागतात. दोन हजार मतदारांच्या गांवीं शंभर पुरतात, आणि तींही जमत नाहींत! मग सभा तहकूब होते. आपण गेलों नाहीं म्हणजे सभा मोडली, असें समजणारे पुष्कळ भेटतात. परंतु तहकूब सभेस पुन्हां गणसंख्येची अट राहत नाहीं. ओसरीवर पंधरा माणसांनीं तेच विषय मंजूर केले, तरी ठराव साऱ्या गांवाच्या नांवावर चढतो. हा नियम ठाऊक असूनही नोकरीच्या काळांत मी स्वतःच्या गांवच्या सभेस एकदांही गेलों नाहीं. सेवानिवृत्तीनंतर प्रथम गेलों, तेव्हां आमच्या वस्तीवरील पाण्याच्या टाकीची जागा ठरून गेली होती. ती जागा उताराला आहे. वरच्या घरांस पाणी चढत नाहीं. मीं तक्रार करतांच सचिवानें जुनें इतिवृत्त दाखविलें. त्यांत विरोध कोणाचाच नव्हता.

सभेची नोटीस सात दिवस अगोदर लागते. तेवढ्या अवधींत जमाखर्च पाहण्यास मागावा. न दाखविल्यास माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यानें साध्या कागदावर अर्ज करतां येतो. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. अर्जांत कोणत्या वर्षाचा व कोणत्या कामाचा खर्च हवा तें नेमकें लिहावें, आणि पोंच घेतल्याशिवाय कचेरींतून उठूं नये.