ऑफिसातील पूजा आणि आपण: हात न जोडताही आदर राखता येतो

खंडेनवमीच्या सुमारास आम्हाला दरवर्षी एक-दोन फोन ठरलेले असतात. दोन वर्षांपूर्वीचा एक फोन मात्र लक्षात राहिला. "दादा, आज ऑफिसात मशीनची पूजा होती. साहेबांनी सगळ्यांसमोर नारळ माझ्याच हातात दिला. मी फोडला." मुलगा तेविशीचा, घरातला पहिला पदवीधर, नोकरीला चार महिने झालेले, अजून प्रोबेशनवर. 22 प्रतिज्ञा त्याला तोंडपाठ. "नाही म्हणायचं होतं, पण तोंडातून शब्दच फुटला नाही," एवढे बोलून तो गप्प झाला.

त्याला भित्रा म्हणणे सोपे आहे. आम्ही म्हणणार नाही. प्रोबेशनवरचा मुलगा, महिन्याचा हप्ता आणि समोर तीस माणसे, हे गणित ज्याने अनुभवले आहे त्यालाच ते कळते. पण असा प्रसंग आपल्या प्रत्येक नोकरदार तरुण-तरुणीवर कधी ना कधी येतोच. त्याची तयारी आधी करता येते, म्हणून हा लेख.

प्रश्न फक्त श्रद्धेचा नाही

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना 22 प्रतिज्ञा दिल्या. त्यांतल्या सुरुवातीच्याच प्रतिज्ञा ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण आणि गौरी-गणपती यांची उपासना न करण्याविषयी आहेत. त्यामुळे ऑफिसातल्या सत्यनारायणाला किंवा गणपतीच्या आरतीला बौद्ध माणूस बाजूला उभा राहतो, तेव्हा तो आडमुठेपणा करत नसतो. दिलेला शब्द पाळत असतो.

अडचण पुढे आहे. "पूजेला का नाही आलास?" या प्रश्नामागून बहुतेक वेळा दुसरा प्रश्न येतो: "म्हणजे तुम्ही जयभीमवाले का?" आडनावावरून जे कळले नव्हते, ते एका नकारावरून कळते. सवर्ण घरातला तरुण "मी देव मानत नाही" म्हणाला की तो पुरोगामी ठरतो. तेच वाक्य आपला मुलगा बोलला की तो जातीयवादी ठरतो. नास्तिक असण्याची किंमत सगळ्यांना सारखी नसते, हे ध्यानात घेतल्याशिवाय या विषयावर सल्ला देणे म्हणजे कोरडा उपदेश.

कायदा काय सांगतो

संविधानाचे कलम 25 प्रत्येकाला सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देते. पूजा करण्याचा हक्क त्यात आहे, तसाच न करण्याचाही आहे. कलम 28 (3) नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही.

नाशिकच्या एका शिक्षकाचे प्रकरण आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असायला हवे. शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी ते हात जोडत नाहीत, या कारणावरून शाळेने त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली. 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. हात जोडण्याची सक्ती करणे म्हणजे मूलभूत हक्काचा भंग, असे न्यायालयाने म्हटले.

त्याआधी 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील तीन शाळकरी मुलांच्या बाजूने निकाल दिला होता. ही मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण धार्मिक श्रद्धेमुळे गात नसत. शाळेने त्यांना काढून टाकले. उभे राहून आदर दाखवणाऱ्याला गाण्याची सक्ती करता येत नाही, हे न्यायालयाने मान्य केले. आपल्यासाठी यात मोठा धडा आहे. सहभाग नाकारणे वेगळे आणि अपमान करणे वेगळे.

एक मर्यादाही माहीत हवी. मूलभूत हक्क मुख्यतः राज्यसंस्थेकडे मागता येतात. सरकारी कार्यालयात कलम 25 चा आधार जितका थेट घेता येतो, तितका खासगी कंपनीत घेता येत नाही. तिथे कंपनीची भेदभावविरोधी नियमावली, एचआर आणि युनियन हे मार्ग आधी वापरावे लागतात.

व्यक्तीची श्रद्धा आणि कार्यालयाचा कार्यक्रम

सहकाऱ्याच्या कपाळावरचा टिळा, कुणाच्या हातातला गंडा, कुणाच्या गळ्यातला क्रॉस, कुणी जेवणाच्या सुट्टीत पढलेली नमाज, ही त्या व्यक्तीची अभिव्यक्ती आहे. तिला आपण हरकत घेऊ नये. ज्या हक्काने आपण टेबलावर छोटी बुद्धमूर्ती ठेवतो, तोच त्यांचाही हक्क आहे. पण साहेबांच्या आदेशाने, कामाच्या वेळेत, सगळ्यांची हजेरी गृहीत धरून पूजा होते, तेव्हा ती एका व्यक्तीची श्रद्धा राहत नाही. प्रश्न विचारायचा तो इथे.

प्रत्यक्षात काय करावे?

*आधी बोला.* नारळ हातात आल्यावर नाही म्हणणे कठीण जाते. आठवडाभर आधी साहेबांना एकांतात दोन वाक्यांत सांगा: "सर, मी बौद्ध आहे, मी पूजा करत नाही. बाकी काही काम असेल तर सांगा." कारणांची यादी देऊ नका.

*पूजेच्या दिवशी वाद नको.* देव आहे की नाही, ही चर्चा चहाच्या टपरीवर होऊ द्या. आरती चालू असताना टोमणा मारला, तर आपला मुद्दा बाजूला राहतो आणि टोमणाच लोकांच्या लक्षात राहतो. सम्यक वाचा अशा वेळीच कामी येते.

*माणसांपासून तुटू नका.* खुर्च्या लावा, फोन सांभाळा, जेवणाच्या पंगतीला बसा. वर्गणी स्वेच्छेची असते, तेव्हा "पूजेसाठी देणार नाही, जेवणासाठी माझा वाटा घ्या" असे सरळ सांगता येते.

*प्रसादाचे ज्याचे त्याने ठरवावे.* सहकारीण प्रेमाने डब्यातला शिरा पुढे करते, तेव्हा कुणी तो खाण्याचा पदार्थ म्हणून घेतो, कुणी नम्रपणे नाकारतो. दोघांनाही आम्ही दोष देणार नाही. आपल्या हातचे पाणीही ज्यांना चालत नव्हते, त्यांच्या घरातली मुलगी आज डबा पुढे करते आहे, एवढे मात्र उत्तर देताना आठवावे.

*लेखी नोंद ठेवा.* नकारानंतर कामाचे मूल्यमापन अचानक घसरले, रजा अडली, बदलीची भाषा सुरू झाली, तर तारीख, वेळ आणि साक्षीदार लिहून ठेवा. तक्रार ईमेलने किंवा पोच घेऊन करा.

*जातीवरून अपमान झाला तर प्रकरण वेगळे होते.* 1990 च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे. त्यामुळे 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण त्यांनाही आहे. पण पूजेचे प्रत्येक आमंत्रण म्हणजे अत्याचार नव्हे. कायदा जपून वापरला, तर तो गरजेच्या वेळी कामी येतो.

आरसा आपल्याकडेही वळवूया

14 एप्रिलच्या जयंतीची वर्गणी मागताना आपण सहकाऱ्यांवर दबाव टाकतो का? कार्यालयातल्या कार्यक्रमात वंदना सुरू झाली की सगळ्यांनी हात जोडावेत, असा आग्रह धरतो का? ज्याला हात जोडायचे नाहीत, त्याला आदराने उभे राहण्याची मोकळीक आपणही द्यायला हवी. केवळ परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले आहे म्हणून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले होते. सक्ती आपल्याकडून झाली, तर त्या उपदेशाला अर्थ उरत नाही.

सुरुवातीला सांगितलेल्या मुलाने मागच्या दसऱ्याला आठवडाभर आधी साहेबांना गाठले. साहेबांनी मान हलवली, नारळ दुसऱ्याने फोडला. त्यानंतर दोन सहकारी त्याच्याशी पूर्वीसारखे मोकळे राहिले नाहीत, हेही खरे आहे. पण त्याच संध्याकाळी अकाउंट्समधले एक वयस्कर गृहस्थ त्याच्या टेबलाजवळ आले. दहा वर्षे एकाच मजल्यावर काम करणारे, कुणाला पत्ता नसलेले. हळू आवाजात "जय भीम" म्हणाले आणि निघून गेले.

आपल्या ऑफिसात असे कुणी आहे का, हे एकदा शोधून पाहा. पुढच्या खंडेनवमीला नकार देताना आपण एकटे नसू.

जय भीम! नमो बुद्धाय!