उंबरठा नसलेली दरी

मावळात टाकवे बुद्रुकहून वडेश्वरमार्गे खांडीकडे निघालं की ठोकळवाडीचं पाणी लागतं. डोंगरांच्या बेचक्यांत शिरलेले त्याचे फाटे पाहिले की कळतं, ही बुडालेली दरी आहे. भिवपुरीच्या वीजघरासाठी टाटांनी शंभर वर्षांपूर्वी ती अडवली.

अशीच एक बुडालेली दरी नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, जवळपास 79 अंश उत्तरेला आहे: काँग्सफ्योर्ड. ती हिमनद्यांनी खरवडली आणि मग समुद्र आत आला. तिच्या काठचं न्यु-ऑलेसुंड हे एके काळी कोळशाच्या खाणीचं गाव. 1962 च्या स्फोटात 21 कामगार गेले, खाण बंद पडली आणि गाव संशोधकांचं झालं. भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र 2008 पासून तिथे आहे. त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोहून चालतो.

या खाडीचं जगणं हिमनदीच्या तोंडाशी पाहावं. उन्हाळ्यात वितळलेलं गोडं पाणी बर्फाच्या पोटातून वाट काढत तळाशी समुद्रात फुटतं. खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्याने ते गढूळ लोट होऊन वर उसळतं आणि येताना खोलातले सूक्ष्म जीव ओढून आणतं. वर तपकिरी पट्टा दिसला की किटीवेक जातीचे कुरव त्यावर तुटून पडतात. चिखलणीच्या वेळी आपल्या खाचरांत बगळे उतरतात, अगदी तसे. हिमनदी मागे हटत जमिनीवर गेली, की तळातून उसळणारा हा लोटच थांबतो. मला यातली हीच गोष्ट सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते.

बऱ्याच फ्योर्डांच्या तोंडाशी पाण्याखाली उंबरठ्यासारखा उंचवटा असतो. काँग्सफ्योर्डला तो आडवा येत नाही, त्यामुळे अटलांटिकचं ऊबदार पाणी थेट आत शिरतं. 2006 पासून हिवाळ्यात पूर्वीसारखा बर्फ धरत नाही. त्या बर्फावरच्या हिमाच्या ढोलीत पिल्लं घालणाऱ्या सीलची त्यामुळे फार अडचण होते.

या पाण्याचं तापमान, खारटपणा आणि प्रवाह नोंदवण्यासाठी भारताने 2014 साली ‘इंडआर्क’ ही उपकरणांची साखळी तिथे पाण्याखाली उभी केली. तिकडच्या बदलांचा आपल्या मॉन्सूनशी काय संबंध आहे, हा या संशोधनातला मोठा प्रश्न. इंद्रायणी भाताच्या मुलखाला तो परका नाही.

डिसेंबर 2023 मध्ये पहिली भारतीय हिवाळी मोहीम निघाली. मावळात तेव्हा भात घरात आलेला होता; तिकडे ऑक्टोबरअखेर बुडालेला सूर्य फेब्रुवारीपर्यंत उगवणार नव्हता.