टायर सांगतो गाडीचे दुखणे

नागपूर ते मुंबई या ७०१ किलोमीटर लांबीच्या समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी वाहतुकीस खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी अखेरचा टप्पा सुरू होऊन मार्ग पूर्ण झाला. या मार्गावर सपाट भागात कारसाठी ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. तालुक्याच्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर वेगाने वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेली गाडी अशा मार्गावर आली, की तिच्या टायरांची खरी परीक्षा सुरू होते. परिवहन विभागाने २०२३ मध्ये या मार्गाच्या प्रवेशस्थानी टायरांची तपासणी हाती घेतली आणि झिजलेले टायर असलेल्या गाड्यांना प्रवेश नाकारला, तो याच कारणास्तव.

गाडी कितीही मोठी असली, तरी तिचे प्रत्येक चाक रस्त्याला टेकते ते सुमारे तळहाताएवढ्या जागेवर. चारही चाकांची जागा एकत्र केली, तर ती मासिकाच्या एका मोठ्या पानाएवढी भरते. ब्रेक, स्टीअरिंग आणि इंजिन यांची सारी कामगिरी अखेर या पानावर अवलंबून असते. म्हणूनच गाडीच्या चालीत बिघाड जाणवू लागला, तर शोधाची सुरुवात टायरपासून करावी. अनेकदा महागडे सुटे भाग बदलले जातात आणि मूळ दोष मात्र कमी हवेचा किंवा असमान झिजलेल्या टायरचा असतो.

टायरवरील अक्षरांचा अर्थ

टायरच्या बाजूच्या भिंतीवर कोरलेला मजकूर म्हणजे त्याचे ओळखपत्र होय. उदाहरणार्थ, ‘१८५/६५ आर १५ ८८ टी’ या खुणेत १८५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये आहे. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. ‘आर’ हे अक्षर रेडियल रचना दर्शविते, तर १५ हा रिमचा इंचांतील व्यास होय. ८८ हा भारांक असून असा एक टायर ५६० किलोग्रॅम भार पेलू शकतो. ‘टी’ हे वेगचिन्ह असून त्याची मर्यादा ताशी १९० किलोमीटर आहे.

याच भिंतीवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. ‘२३१९’ असे आकडे असतील, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला, असे समजावे. खरेदीच्या वेळी हे आकडे पाहण्याची सवय फार थोड्यांना असते. रबर वापराविनाही जुने होते. ऊन, उष्णता आणि हवेतील ओझोन यांमुळे ते कडक होऊन त्यास बारीक चिरा पडतात. कार्यालयाच्या आवारात महिनोन् महिने उन्हात उभ्या असलेल्या गाडीचे टायर नक्षीने नवे दिसतात. प्रत्यक्षात ते भरवशाचे नसतात. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावेत आणि दहा वर्षांपलीकडे, नक्षी शिल्लक असली तरी, वापरू नयेत. स्टेपनीलाही हाच नियम लागू आहे.

निवड कशी करावी

नवा टायर घेताना पहिला आधार गाडीच्या उत्पादकाने नेमून दिलेल्या मापाचा घ्यावा. हे माप गाडीच्या माहितीपुस्तिकेत आणि बहुधा चालकाच्या दरवाजाच्या खांबावरील चिठ्ठीवर दिलेले असते. भारांक व वेगचिन्ह नेमून दिलेल्यापेक्षा कमी नसावे. रुंद टायर शोभिवंत दिसतात, परंतु ते स्टीअरिंग जड करतात, पूर्ण वळणावर आतील भागांना घासू शकतात आणि साचलेल्या पाण्यावर अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगू लागतात.

टायरवर आय.एस.आय. चिन्ह असल्याची खात्री करावी. ते बंधनकारक आहे. जून २०२२ मध्ये केंद्र शासनाने टायरांसाठी आणखी तीन कसोट्या अधिसूचित केल्या : फिरताना होणारा विरोध, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज. यांपैकी पहिलीचा संबंध इंधनाच्या बचतीशी, तर दुसरीचा जीविताच्या सुरक्षिततेशी आहे. दरपत्रके मागविताना केवळ किमतीची तुलना न करता माप, भारांक, वेगचिन्ह आणि उत्पादनाचा आठवडा या चार बाबी लेखी नमूद कराव्यात.

रेडियल टायरमध्ये आतील दोर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे असतात व त्यावर पोलादी तारांचा पट्टा असतो; जुन्या पद्धतीच्या टायरमध्ये ते एकमेकांना तिरपे छेदतात. वळणावर दोन्हींची वागणूक वेगळी असते. म्हणून एकाच आसावर दोन्ही प्रकार कधीही बसवू नयेत. शक्य तो एका आसावरील दोन्ही टायर एकाच बनावटीचे व सारख्याच झिजेचे असावेत.

दोनच नवे टायर घ्यावयाचे असल्यास ते पुढे बसवावेत, असा समज रूढ आहे. तज्ज्ञांचा सल्ला याउलट आहे. ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली, तर गाडी सरळ जाऊ पाहते व वेग कमी करून ती सावरता येते. मागची चाके घसरली, तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते आणि ती सावरणे सामान्य चालकाच्या आवाक्यात राहत नाही. यास्तव अधिक चांगले टायर मागे असावेत.

हवेचा हिशेब

हवेचा दाब, ज्याला बोलीत ‘पौंड’ म्हणतात, तो दर पंधरा दिवसांनी आणि लांबच्या प्रवासापूर्वी तपासावा. तपासणी टायर थंड असताना, म्हणजे गाडी काही तास उभी राहिल्यानंतर करावी. तापमान सुमारे पाच ते सहा अंश सेल्सियसने वाढले, की दाब साधारण एक पौंड वाढतो. विदर्भातील उन्हाळ्यात प्रवास करून तापलेल्या टायरचा दाब जास्त दिसला, म्हणून हवा सोडणे ही चूक होय. टायर थंड झाल्यावर तो आवश्यकतेपेक्षा खाली जातो.

टायर फुटण्याचा दोष पुष्कळदा काँक्रीटच्या रस्त्यावर ढकलला जातो. वस्तुतः मुख्य कारणे कमी हवा, जादा भार, अतिवेग आणि जुने रबर ही आहेत. हवा कमी असली, की प्रत्येक फेऱ्यात टायरची भिंत अधिक दुमडते. त्या दुमडण्यातून उष्णता निर्माण होते, आतील थर सुटू लागतात आणि वेगात असताना टायर फुटतो. ‘जास्त हवा धोक्याची’ या भीतीने उन्हाळ्यात हवा कमी ठेवणारा चालक म्हणूनच धोका वाढवून घेत असतो. भिंतीवर लिहिलेला कमाल दाब हा शिफारशीचा दाब नव्हे. शिफारस दरवाजावरील चिठ्ठीवर असते व पूर्ण भारासाठी ती बहुधा वेगळी दिलेली असते. नायट्रोजन भरला, तरी तपासणी टळत नाही. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

झिजेची नोंद

टायरची झीज ही गाडीच्या प्रकृतीची नोंदवही आहे. दोन्ही काठ झिजले व मधला भाग शाबूत असेल, तर हवा दीर्घकाळ कमी राहिली आहे. मधलाच भाग झिजला असेल, तर हवा जास्त आहे. एकच काठ झिजला असेल, तर चाकांची अलाइनमेंट बिघडली आहे किंवा पुढील चाके धरून ठेवणारे सांधे सैल झाले आहेत. नक्षीवरून आडवा हात फिरविला असता एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागत असेल, तर चाके एकमेकांना समांतर नाहीत. परिघावर ठिकठिकाणी खोलगट झीज दिसली, तर शॉक-ॲब्सॉर्बर निकामी झालेले असणे किंवा चाकाचे बॅलन्सिंग बिघडलेले असणे संभवते.

खाचांच्या तळाशी उंचवट्याच्या रूपात झिजेची मर्यादाखूण असते. कारच्या बाबतीत ती १.६ मिलिमीटर उंचीची असते. नक्षी या उंचवट्यापर्यंत आली, की टायरचे आयुष्य संपले. कोकणातील व घाटमाथ्यावरील मुसळधार पावसात तर त्याआधीच टायर बदलणे शहाणपणाचे ठरते. खाचांचे काम पाणी बाजूला सारण्याचे आहे. ‘गोटा’ झालेल्या टायरखालून पाणी निघून जात नाही, टायर पाण्याच्या थरावर चढतो आणि त्या क्षणी ब्रेक व स्टीअरिंग दोन्ही निरुपयोगी ठरतात.

तक्रार आणि तिचे मूळ

गाडी एका बाजूला ओढत असेल, तर प्रथम दोन्ही पुढील चाकांतील हवा सारखी करावी. त्यानंतर, टायरवर फिरण्याची दिशा नेमून दिलेली नसल्यास, पुढील दोन चाके आपसांत बदलून पाहावीत. ओढ उलट दिशेला गेली, तर दोष टायरमध्ये आहे. प्रवासानंतर एकच चाक इतरांपेक्षा फार तापलेले आढळले, तर त्याचा ब्रेक अडकून राहत आहे. यांपैकी काहीच नसेल, तर अलाइनमेंट करून घ्यावी.

ताशी ८० ते १०० किलोमीटरच्या सुमारास स्टीअरिंग थरथरत असेल, तर बहुधा बॅलन्सिंगचा दोष असतो. काळ्या मातीच्या प्रदेशात पावसाळ्यात याचे एक साधे कारण आढळते : रिमच्या आतील बाजूस चिकटून वाळलेला चिखल. चाक आतून धुतल्यानेच ही थरथर कित्येकदा थांबते. केवळ ब्रेक दाबताना थरथर जाणवत असेल, तर ब्रेकच्या तबकड्या तपासाव्यात.

खड्ड्यांतून जाताना ठकठक आवाज येत असेल, तर लिंक रॉड, रबरी बुश किंवा बॉल जॉइंट झिजलेले असू शकतात. पहिले दोन आवाजाने त्रास देतात. बॉल जॉइंट मात्र निखळल्यास चाकावरील ताबाच सुटतो. म्हणून या आवाजाची तपासणी पुढे ढकलू नये. वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर बदलणारी घुंघुं ही चाकाच्या बेअरिंगची खूण होय.

गतिरोधकावरून उतरल्यावर गाडी एकदा खाली-वर होऊन स्थिर झाली पाहिजे. ती झुलतच राहिली किंवा शॉक-ॲब्सॉर्बरवर तेलाचे ओघळ दिसले, तर ते बदलावे लागतात. स्प्रिंग किंवा पाटे गाडीचा भार पेलतात. शॉक-ॲब्सॉर्बर त्यांचे हेलकावे आवरतो आणि चाक रस्त्याला टेकवून ठेवतो. तो निकामी झाल्यास आराम कमी होतो, एवढेच नव्हे, तर खडबडीत रस्त्यावर गाडी थांबण्यास अधिक अंतर लागते. तो एका आसावर जोडीनेच बदलावा. गाडीचा मागील भाग बसलेला दिसत असेल, तर पाटे वाढविण्यापूर्वी गाडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे व सामान नेले जाते काय, हे पाहावे.

धावत्या गाडीचा टायर फुटलाच, तर जोराने ब्रेक दाबू नये. स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट व सरळ धरावे, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडावा आणि वेग पुरेसा उतरल्यावरच गाडी कडेला घ्यावी.

नोंदवहीतील एक रकाना

पंचायत समितीची जीप, आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका किंवा विद्यार्थ्यांची ने-आण करणारी गाडी यांच्या नोंदवहीत इंधन व किलोमीटर यांचे रकाने कटाक्षाने भरले जातात. त्यातच आणखी एक रकाना जोडणे कठीण नाही. चारही टायर व स्टेपनी यांचा उत्पादनाचा आठवडा, हवा तपासल्याची तारीख, आठ ते दहा हजार किलोमीटरनंतर चाकांची अदलाबदल आणि शेवटची अलाइनमेंट, एवढ्या नोंदी पुरेशा आहेत. शाळेसाठी गाडी ठरविताना मुख्याध्यापकांनी व शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी टायरवरील ते चार आकडे आणि झिजेची खूण स्वतः वाकून पाहावी. त्यास पाच मिनिटे लागतात व खर्च काहीच येत नाही. रुग्णवाहिकेतील रुग्ण किंवा गाडीतील मुले टायर निवडत नाहीत. त्यांच्या वतीने ती निवड ज्याच्या सहीने होते, त्याचीच ही जबाबदारी आहे.