फाइल नष्ट करायला सांगणारा कायदा

समजा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या आठवडी बाजारात सोळा वर्षांच्या एका पोराने कुणाचा तरी मोबाइल उचलला आणि तो सापडला. पहिलीच वेळ. पुढे काय होईल? आपल्या डोळ्यांपुढे लगेच लॉकअप, बेड्या आणि आरोपीचा पिंजरा उभा राहतो. कायद्याने या पोरासाठी आखलेली वाट मात्र अशी आहे की ती वाचताना थक्क व्हायला होते.

2015 च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवताच येत नाही. बेड्याही घालता येत नाहीत. त्याच्याशी बोलणारा पोलीस अधिकारी शक्यतो साध्या वेशात असला पाहिजे. साधी चोरी कायद्याच्या लेखी किरकोळ गुन्ह्यांत मोडते. तीन वर्षांपर्यंतच शिक्षा असलेल्या अशा गुन्ह्यांत, सोबत कुणी प्रौढ आरोपी नसेल, तर एफआयआरसुद्धा नोंदवायचा नाही, असे 2016 चे केंद्राचे आदर्श नियम सांगतात. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करायची आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल लिहायचा. पोरगा शाळेत जातो का, घरात कमावते कोण, मारहाण होते का, सोबत कुणाची? गुन्ह्याआधी माणूस समजून घ्या, असा हा सरळ हुकूमच आहे.

मग प्रकरण जाते बाल न्याय मंडळापुढे. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली किमान एक स्त्री. ही जागा कोर्टासारखी दिसता कामा नये. मंडळाने उंच चौथऱ्यावर बसायचे नाही आणि मुलाच्या नि त्यांच्या मध्ये कठडा ठेवायचा नाही. खुर्च्या कशा मांडाव्यात, इथपर्यंत कुणीतरी विचार केला आहे!

दोष सिद्ध झाला तरी मंडळाच्या हाती कितीतरी मार्ग असतात: समज देऊन घरी पाठवणे, समुपदेशन, पालकांच्या किंवा योग्य व्यक्तीच्या देखरेखीखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडणे, समाजसेवा. चौदा वर्षांवरच्या मुलाला बागेची निगा राखणे, वृद्धांची सेवा, रुग्णालयात मदत अशी कामे देता येतात. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय. आणि सगळ्यांत नवलाची गोष्ट म्हणजे अपिलाची व नियमांत ठरलेली मुदत उलटली की मुलाच्या दोषसिद्धीची कागदपत्रे नष्ट करायची. हा डाग पुढे नोकरीच्या आड येऊ द्यायचा नाही. जी यंत्रणा कागदाचा कपटाही टाकत नाही, तिलाच कायदा सांगतो की हे विसरा.

शिक्षेऐवजी सुधारण्याची संधी देण्याच्या या विचाराला जगभरातून बळ मिळाले आहे. 1974 मध्ये कॅनडातल्या एल्मिरा गावात दोन तरुणांनी एका रात्रीत 22 ठिकाणी नासधूस केली. परिवीक्षा अधिकाऱ्याने न्यायाधीशांना सुचवले, की यांना त्या लोकांच्या दारात जाऊ द्या. दोघे दारोदार गेले, नुकसान ऐकून घेतले आणि पुढे भरपाई केली. न्यूझीलंडने 1989 मध्ये माओरी समाजाच्या रीतीतून प्रेरणा घेऊन मुलगा, त्याचे कुटुंब आणि ज्याचे नुकसान झाले तो यांना एकत्र बसवणारी बैठक कायद्यातच आणली. आपल्याकडे 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत प्रौढांसाठीही समाजसेवेची शिक्षा आली. पाच हजारांहून कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर तुरुंगाऐवजी समाजसेवा!

पण समाजसेवा द्यायची तर समाज लागतो. मंडळ आदेश देईल. पोरावर लक्ष कोण ठेवणार? मुरगूडसारख्या गावाची ताकद इथेच आहे. पहाटे पोरांना उठवून मेहनत करायला लावणारे तालमीतले वस्ताद, वाचनालय, रुग्णालय, सहकारी संस्था, पोराला आजोबांपासून ओळखणारे शेजारी. एवढी माणसे कुठल्या महानगरात एका हाकेवर मिळतील?

कायदा कागद नष्ट करू शकतो, गावाच्या तोंडचे 'चोर' हे नाव पुसू शकत नाही. ते गावालाच पुसावे लागेल. म्हणून मुरगुडातल्या एखाद्या तालमीने, एखाद्या वाचनालयाने कोल्हापूरच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाला आपणहून कळवावे, की असे पोर आले तर आमच्याकडे पाठवा, काम आम्ही देतो आणि लक्षही आम्हीच ठेवतो.