पत्रा कापणारे हात

आमच्या मामूंच्या डाव्या हाताला तीनच बोटं आहेत. लहानपणी आम्ही विचारलं, की ते म्हणायचे, "दोन मशीनने ठेवून घेतली." मशीन म्हणजे शेअरिंग. औद्योगिक वसाहतीत जिथे कपाटं, कूलर, ट्रॉल्या बनतात, तिथे ते असतंच.

कारागीर तिला कात्री म्हणतात. खालचं पातं स्थिर, वरचं किंचित तिरकं, म्हणून पत्रा एका टोकाकडून कापत जातो आणि जोर कमी लागतो. गंमत अशी की पत्रा पूर्ण कापला जातच नाही. पातं थोडं आत शिरतं, उरलेली जाडी तुटते. कड निरखून पाहा, एक चकचकीत पट्टी दिसेल, एक खरबरीत. दोन पात्यांतली फट पत्र्याच्या जाडीच्या साधारण 5 ते 10 टक्के लागते. मामू नुसती कड बघून सांगत, "गॅप वाढलाय." असं हुनर आमच्या कॉलेजात शिकवता येत नाही.

जुन्या यांत्रिक मशीनची एक वाईट खोड आहे. पॅडल दाबलं की क्लच पकडतो, मग फेरी पूर्ण झाल्याशिवाय पातं थांबत नाही. मोटर बंद केली तरी जड फ्लायव्हील काही वेळ फिरतच राहतं.

रमजान होता, उन्हाळा, असरची वेळ. मामूंनी मोटर बंद केली, अडकलेली पट्टी काढायला हात घातला आणि पाय पॅडलवर पडला. पुढची जाळी आठवडाभर काढून ठेवलेली, छोटे तुकडे सरकवायला अडचण होते म्हणून. 1948च्या कारखाना अधिनियमाचं कलम 21 तेव्हा सांगत होतं की धोक्याच्या भागांना भक्कम आडोसा हवा. मालकाने दवाखान्याचा खर्च दिला. जाळी मात्र महिन्याने बसली.

लोक म्हणाले, रोजामुळे झालं. मामू अजून चिडतात, "रोजा मी ठेवला होता, जाळी मी नव्हती काढली."

तरी तहानेने लक्ष उडतं, हे तेही मान्य करतात. पुढे फोरमन झाल्यावर रमजानात त्यांनी कटिंग सकाळीच उरकायचं ठरवलं. दुपारनंतर मार्किंग, घासकाम, रंग. अगदीच तातडीचा माल आला तर पॅडल त्यांचे हिंदू जोडीदार सांभाळत. मगरिबची अजान झाली की ते आधी मेन स्विच पाडत, चाक पूर्ण थांबेपर्यंत उभे राहत, पॅडलखाली लाकडी ठोकळा सरकवत आणि मगच खजुराच्या ताटलीकडे येत.